कॅन्सरच्या पेशी चिकटतात कशा आणि सुटतात कशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोप्सीच्या रिपोर्टात ई-कॅडहेरिन किंवा सीडी-४४ असं पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं नाव दिसलं की घरातली तरुण मंडळी मोबाइलवर शोधाशोध सुरू करतात. हाती लागतं ते एक तर संशोधकांनी संशोधकांसाठी लिहिलेलं, नाहीतर कुणाला तरी काही विकायचं असतं म्हणून लिहिलेलं. खालचे प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी या दोघांकडून येणारे आहेत, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. उपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनं असतात म्हणजे नेमकं काय असतं?

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं अतिशय पातळ आवरण असतं आणि त्यात हजारो प्रथिनं रुतलेली असतात. चिकटण्याचं काम करणाऱ्या प्रथिनांचं बाहेरचं टोक शेजारच्या पेशीला किंवा भोवतालच्या तंतूंच्या जाळ्याला धरतं, आणि आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. म्हणून बाहेर पकड बदलली की आत पेशीचा आकारही बदलतो.

मुख्य घराणी चार. कॅडहेरिन पेशीला पेशीशी बांधतात. इंटेग्रिन पेशीला कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन यांच्या जाळ्याशी बांधतात. सिलेक्टिन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर आणि रक्तातल्या पेशींवर असतात, वाहत्या पेशीला क्षणभर थोपवतात. चौथं घराणं इम्युनोग्लोब्युलिनसारखी घडण असलेल्या प्रथिनांचं, त्यात नेक्टिन आणि सीईए येतात. सीडी-४४ या चौघांत बसत नाही. ते हायल्युरोनन नावाच्या लांबलचक साखरेला धरतं.

रिपोर्टमध्ये "ई-कॅडहेरिन निगेटिव्ह" लिहिलंय. हे वाईट आहे का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा तो स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवरून येतो. तिथे "निगेटिव्ह" हा शब्द गाठीचा प्रकार ओळखायला वापरलेला असतो. तो आजार किती पुढे गेला आहे याचा निकाल नसतो.

स्तनाचा कॅन्सर दुधाच्या नलिकांसारखी रचना करत वाढला तर त्याला डक्टल म्हणायची पद्धत आहे. दहा ते पंधरा टक्के गाठी मात्र लोब्युलर प्रकारच्या असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांमध्ये ई-कॅडहेरिन नाहीसं झालेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली फरक डोळ्यांत भरतो. या तपासणीत (लॅबच्या भाषेत आयएचसी) ई-कॅडहेरिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. त्याच स्लाइडवरच्या निरोगी नलिकेत प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ दिसते, सगळी मिळून नीट विणलेली जाळी. बाजूलाच लोब्युलर गाठीच्या पेशी तंतूंच्या मधून एकामागे एक अशा ओळीत चाललेल्या असतात. त्यांच्याभोवती रेघच नाही, फक्त निळी केंद्रकं. शेजारणीला धरायला काही उरलेलं नसल्यामुळे त्या सुट्या सुट्या पसरतात, घट्ट गोळा करत नाहीत. म्हणूनच लोब्युलर गाठ हाताला उशिरा लागते, मॅमोग्राफीत पुष्कळदा नीट दिसत नाही, आणि डॉक्टर एमआरआय सुचवतात.

पण यातली बहुसंख्य प्रकरणं हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असतात, म्हणजे गोळ्यांच्या उपचाराला दाद देणारी. उपचार ठरतो तो रिसेप्टर, गाठीचा आकार, काखेतल्या गाठी यांवरून. ई-कॅडहेरिन नाही म्हणून वेगळी केमो दिली जात नाही.

काही लोब्युलर गाठींत ई-कॅडहेरिन दिसतं, पण ते कामाचं नसतं. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट पी-१२० कॅटेनिन बघतात. ते एरवी ई-कॅडहेरिनच्या आधाराने पेशीच्या कडेला असतं, आधार गेला की पेशीच्या आत विखुरतं. रिपोर्टात शंका वाटली आणि दुसरं मत घ्यायचं ठरवलं, तर पॅराफिनचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स दोन्ही मागून घ्या. रिपोर्टची झेरॉक्स घेऊन मुंबईपर्यंत गेलेली माणसं ब्लॉकसाठी परत गावाला येतात, हे फार वेळा घडतं.

कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं म्हणे. मग कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर पेशी घट्ट राहतील का?

नाही. पण पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्यामागची हकिकत सांगण्याजोगी आहे.

१९७०च्या दशकात मासातोशी ताकेइची हे जपानी शास्त्रज्ञ क्योटोहून अमेरिकेत बाल्टिमोरला काही काळ कामाला गेले. क्योटोत ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं पाचक द्रव्य) घालून सुट्या केलेल्या पेशी पुन्हा भराभर एकमेकींना चिकटत. बाल्टिमोरमध्ये तोच प्रयोग केला तर चिकटेनात. फरक निघाला ट्रिप्सिनच्या द्रावणात. तिथल्या द्रावणात ईडीटीए होतं, आणि ईडीटीए कॅल्शियम शोषून घेतं. कॅल्शियम असेतोवर चिकटवणारं प्रथिन ट्रिप्सिनला दाद देत नव्हतं, कॅल्शियम गेलं की ते कापलं जात होतं. या धाग्यावरून पुढे कॅडहेरिन सापडलं आणि १९८४मध्ये त्याला हे नाव मिळालं. ई-कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागात पाच तुकडे असतात आणि त्यांच्या सांध्यांत कॅल्शियमचे अणू बसून साखळीला ताठ ठेवतात, हे नंतर कळलं.

आता गोळ्यांचं. शरीर रक्तातलं कॅल्शियम फार काटेकोरपणे सांभाळतं, साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. कॅडहेरिनला पुरेसं कॅल्शियम तिथे कायमच असतं. गाठीत अडचण असते ती प्रथिनच नसण्याची. हाडांसाठी डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर घ्या, या कारणासाठी नको.

इंटेग्रिनचं काम वेगळं कसं?

कॅडहेरिन शेजारणीला धरतं, इंटेग्रिन जमिनीला. प्रत्येक इंटेग्रिन अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांची जोडी असते. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा आहेत, त्यांतून २४ जोड्या बनतात. त्यांतल्या बऱ्याच जोड्या फायब्रोनेक्टिनमधल्या अर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांच्या छोट्याशा क्रमाला ओळखतात. हा क्रम १९८४मध्ये सापडला. इंटेग्रिनवरच्या कामासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२चा लास्कर पुरस्कार मिळाला.

इंटेग्रिन नुसतं धरत नाही, आत निरोपही पोचवतं. निरोगी पेशीची जमिनीवरची पकड सुटली तर ती स्वतःच मरून जाते. कॅन्सरच्या पेशी हा नियम मोडायला शिकतात, म्हणूनच त्या रक्तात तरंगत असताना जिवंत राहू शकतात.

पण पेशी "चालते" म्हणजे काय? तिला पाय थोडेच असतात?

पुढच्या बाजूला पेशी आवरणाचा एक पातळ पदर बाहेर काढते. तिथली इंटेग्रिन खालच्या तंतूंना धरतात, आतला सांगाडा आकसून पेशीला पुढे ओढतो, आणि मग मागची इंटेग्रिन सुटतात. कातळ चढणारा माणूस पुढचा हात पक्का झाल्यावरच मागचा सोडतो, तसंच. पकड फार सैल असेल तर पेशी घसरते, फार घट्ट असेल तर जागेवर अडकते. प्रयोगशाळेत मोजलं तर सर्वांत जास्त वेग मध्यम पकडीला मिळतो.

हा मुद्दा लक्षात ठेवा. "चिकटपणा वाढवा" किंवा "चिकटपणा तोडा" असं सरळसोट काही चालत नाही, हे पुढच्या निम्म्या उत्तरांत येणार आहे.

चिकटपणा गेला की कॅन्सर पसरतो, असं पुस्तकात आहे. बरोबर ना?

अर्धं बरोबर. पाठ्यपुस्तकातलं चित्र असं: पेशी ई-कॅडहेरिन टाकून देते, त्याच घराण्यातलं एन-कॅडहेरिन घेते, शेजारणींपासून सुटते, एकटी निघते. याला ईएमटी म्हणतात. परीक्षेत हे लिहून गुण मिळतील. पण रुग्णांच्या दुसऱ्या अवयवातल्या गाठी तपासल्या तर पुष्कळांमध्ये ई-कॅडहेरिन ठणठणीत दिसतं. स्तनाचा सर्वांत आक्रमक समजला जाणारा इन्फ्लेमेटरी प्रकार तर ई-कॅडहेरिनने भरलेला असतो.

२०१९मध्ये नेचर या नियतकालिकात जॉन्स हॉपकिन्समधल्या अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटाचा अभ्यास आला. पहिलं नाव वीणा पद्मनाभन यांचं. त्यांनी डक्टल प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींमधून ई-कॅडहेरिन काढून टाकलं. अपेक्षेप्रमाणे पेशी आजूबाजूला जास्त घुसू लागल्या. पण उंदरांमध्ये दूर जाऊन नवी गाठ करण्याची त्यांची ताकद मात्र कोसळली, कारण प्रवासात त्या तग धरेनात. म्हणजे या कॅन्सरमध्ये ई-कॅडहेरिन पेशीला घरी बांधून ठेवतं आणि घराबाहेर पडलेल्या पेशीला जगवतंही.

त्याआधी २०१४मध्ये रक्तात फिरणाऱ्या पेशींच्या घोळक्यांवर काम झालं होतं. एकट्या पेशींच्या तुलनेत हे घोळके फारच थोडे असतात, पण उंदरांमध्ये नवी गाठ करण्याची त्यांची क्षमता एकट्या पेशीपेक्षा २३ ते ५० पट निघाली. घोळका बांधून ठेवणारं एक प्रथिन होतं प्लाकोग्लोबिन. ते कमी केलं तर घोळके विस्कटले आणि फुप्फुसातल्या गाठीही कमी झाल्या.

माझ्या मते विद्यार्थ्यांना ईएमटी शिकवताना ही दोन कामं सोबतच शिकवायला हवीत. नुसता बाणांचा तक्ता पाठ केला की सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि लोब्युलर कॅन्सर ई-कॅडहेरिनशिवायही पसरतोच, या साध्या वस्तुस्थितीशी त्याची सांगड कशी घालायची हा प्रश्नच पडत नाही.

स्तनाचा कॅन्सर हाडातच का जातो, मोठ्या आतड्याचा यकृतातच का?

"च" जरा काढा, पण कल आहे. मोठ्या आतड्याचं बरंचसं रक्त आधी यकृतातून जातं, त्यामुळे तिथलं कारण निम्मं तरी नळजोडणीचं आहे. हाडांच्या बाबतीत ते पुरत नाही. १८८९मध्ये लंडनच्या स्टीफन पेजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि बी कुठेही पडलं तरी मानवेल त्याच मातीत रुजतं, असं मांडलं.

या मातीचा काही भाग पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी ठरतो. गाठीच्या पेशी सूक्ष्म पुड्या बाहेर सोडतात. त्यांवर अल्फा-६ बीटा-४ इंटेग्रिन असेल तर त्या फुप्फुसात जास्त जातात, अल्फा-व्ही बीटा-५ असेल तर यकृतात, आणि तिथली जागा आधीच तयार करून ठेवतात. हे २०१५मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं गेलं.

तंबाखू-सुपारीने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरशी याचा संबंध आहे का?

आहे. गालाच्या निरोगी अस्तरात अल्फा-व्ही बीटा-६ हे इंटेग्रिन जवळजवळ नसतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ते भरपूर दिसतं, आणि सुपारीमुळे तोंड उघडेनासं होतं त्या सबम्युकस फायब्रोसिसमध्येही वाढलेलं आढळलं आहे. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे ते वाढतं असं प्रयोगशाळेत दिसलं. हे इंटेग्रिन टीजीएफ-बीटा नावाच्या संदेशवाहकाला जागं करतं. त्यातून एकीकडे तंतू दाट होतात, दुसरीकडे पेशींना घुसखोरी सोपी होते. म्हणून "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारीच" हे समाधान खोटं आहे.

पेशी आधी जातात त्या मानेतल्या लसीका ग्रंथींमध्ये. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या मानेत हाताला काहीच लागत नसेल तर ग्रंथी काढायच्या की थांबायचं, यावर जगभर वाद होता. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रुझ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने तो बराचसा मिटवला. तोंडाच्या शस्त्रक्रियेसोबतच ग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. वाट पाहून, गरज पडल्यावर काढलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. "गाठ लागत नाही तर मान का उघडायची?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे आकडे दाखवावेत.

सुई लावली, चाकू लागला की कॅन्सर चेवतो म्हणतात. पेशी सुटून पसरतात का?

बायोप्सी टाळून जे नुकसान होतं ते यापेक्षा कितीतरी मोठं असतं. सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचे प्रकार घडतात, पण क्वचित. जिथे धोका खरा आहे तिथे डॉक्टर आधीच काळजी घेतात. अंडकोषाच्या गाठीला त्वचेतून सुई लावत नाहीत, आणि हाडाच्या सार्कोमात सुईची वाट अशी आखतात की नंतर शस्त्रक्रियेत ती वाटही काढून टाकता येईल.

पेशी सुटून रक्तात येणं ही घटना बी आहे, रोप नाही. पुढे तिला वाहिनीच्या भिंतीला धरायचं असतं, बाहेर पडायचं असतं, परक्या जागी जगायचं असतं. बहुतेक पेशी यात संपतात.

तरीही शस्त्रक्रियेच्या वेळी काय होतं हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यावरचं फार महत्त्वाचं काम आपल्याकडचं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या १६०० स्त्रियांवर चाचणी घेतली. निम्म्यांना गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या भोवती ०.५ टक्के लिडोकेन टोचलं. भूल देण्यासाठी दातांच्या दवाखान्यात रोज वापरतात तेच. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण लिडोकेन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ८६.४ टक्के निघालं. आजार न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ८६.६ आणि ८२.६ टक्के. निष्कर्ष २०२३मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीमध्ये आले.

यामागचा विचार पृष्ठभागावरच्या प्रथिनांचाच आहे. लिडोकेन सोडियमच्या वाटा बंद करतं. या वाटा मज्जातंतूंवर असतात, पण काही कॅन्सरच्या पेशींवरही सापडतात आणि तिथे घुसखोरीला मदत करतात. चाचणीत मोजलं गेलं ते रुग्णांचं जगणं. पेशींवर नेमकं काय घडलं हे तिने मोजलेलं नाही, त्यामुळे खुलासा अजून अंदाजाच्या पातळीवर आहे. इतकं स्वस्त औषध असल्याने ते पुढे रेटायला कुठल्याच कंपनीला फारसा रस नसणार, म्हणून सर्जनना याबद्दल विचारायला संकोच करू नका.

मग चिकटणंच बंद करणारं औषध का देत नाहीत?

प्रयत्न झाले आणि बहुतेक फसले. सिलेन्गिटाइड हे अल्फा-व्ही इंटेग्रिनची पकड अडवणारं औषध ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर वापरून पाहिलं. ५४५ रुग्णांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१४मध्ये आले: दोन्ही गटांत मध्यक आयुष्य २६.३ महिने, काडीचा फरक नाही. सीडी-४४च्या व्ही-६ या रूपावर नेम धरणाऱ्या बिव्हाटुझुमॅबला विषारी औषध जोडून ते डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी दिलं गेलं. पण व्ही-६ त्वचेच्या पेशींवरही असतं. एका रुग्णाची त्वचा सोलवटून निघाली, तो दगावला, आणि ते काम तिथेच थांबलं.

गंमत अशी की इंटेग्रिन अडवणारी औषधं बाजारात आहेत, पण दुसऱ्याच आजारांसाठी. अँजिओप्लास्टीच्या वेळी प्लेटलेट चिकटू नयेत म्हणून टिरोफिबान आणि एप्टिफिबाटाइड, आतड्याच्या क्रोन्स आजारात वेडोलिझुमॅब. तिथे एकाच प्रकारच्या पेशीला थोडा काळ किंवा एकाच जागी थोपवायचं असतं. कॅन्सरमध्ये मात्र गाठीचं निदान होईतो पेशी बहुधा निघून गेलेल्या असतात, आणि एक इंटेग्रिन अडवलं तर उरलेल्या जोड्या हाताशी असतात.

चांगली बातमी वेगळ्या वाटेने आली. चिकटणं थांबवायचं सोडून त्या प्रथिनाचा पत्ता म्हणून उपयोग करायचा. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींवर नेक्टिन-४ भरपूर असतं. एन्फोर्टुमॅब वेडोटिन त्याला धरून पेशीत शिरतं आणि आत विष सोडतं. अमेरिकेत त्याला २०१९मध्ये मान्यता मिळाली. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या औषधासोबत पहिल्याच फळीत दिल्यावर पसरलेल्या आजारात मध्यक आयुष्य केमोच्या १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांवर गेलं. त्वचेवर पुरळ हा त्याचा नेहमीचा त्रास, कारण नेक्टिन-४ त्वचेतही असतं. पुरळ आलं तर "उष्णता बाहेर पडतेय" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

सीईए आणि सीए १९-९ या रक्ततपासण्या याच प्रथिनांच्या का?

बऱ्याच अंशी हो. सीईए १९६५मध्ये माँट्रियलला सापडलं तेव्हा नुसती खूण म्हणून. ते पेशींना एकमेकींशी चिकटवतं हे नंतर उमगलं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते कॅन्सर नसतानाही थोडं चढलेलं असतं. सीए १९-९ ही पृष्ठभागावरची साखर आहे, रक्तवाहिनीतलं सिलेक्टिन तिला पकडतं. पाच ते दहा टक्के माणसांचं शरीर ती साखर बनवूच शकत नाही, त्यांचा आकडा स्वादुपिंडाचा कॅन्सर असूनही शून्याजवळ राहतो. दोन्ही तपासण्या उपचारानंतर लक्ष ठेवायला उपयोगी. "फुल बॉडी चेकअप"च्या पॅकेजमध्ये त्या घालणं मला पटत नाही.

हर-२ आणि पीडी-एल१?

तीही पृष्ठभागावरचीच, पण चिकटवण्याचं काम करत नाहीत. हर-२ वाढीचा संदेश घेतं, पीडी-एल१ प्रतिकारशक्तीला लांब ठेवतं.

"पेशी चिकटू देत नाही" अशी पावडर ऑनलाइन मिळते. घेऊ का?

ती बहुधा लिंबूवर्गीय सालींच्या पेक्टिनची असते आणि गॅलेक्टिन-३ (पेशीवरच्या साखरेला धरणारं एक प्रथिन) याच्या नावावर विकली जाते. प्रयोगशाळेत परिणाम दिसले आहेत, पण रुग्ण जास्त जगतात असं दाखवणारा पुरावा नाही. घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

ई-कॅडहेरिनचा दोष वंशात येतो का? मुलांची तपासणी करावी का?

बहुतेकांत नाही. लोब्युलर गाठीतला बिघाड सहसा त्या गाठीपुरता असतो, तो मुलांकडे जात नाही.

थोड्या कुटुंबांत मात्र ई-कॅडहेरिन बनवणारा सीडीएच१ हा जनुक जन्मतःच सदोष असतो. हे प्रथम १९९८मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात सिद्ध झालं. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माणसं तरुणपणी जठराच्या कॅन्सरने जात होती. या (डिफ्यूज) प्रकारात गाठ होत नाही, पेशी जठराच्या भिंतीत सुट्या पसरतात, त्यामुळे दुर्बिणीतूनही सहज सापडत नाही. दोष असलेल्या स्त्रियांना लोब्युलर स्तनकॅन्सरचा धोका साधारण ४० टक्के धरला जातो. जठराच्या कॅन्सरचा धोका पूर्वी ७० टक्क्यांच्या आसपास सांगत, अलीकडचे अंदाज बरेच खाली आले आहेत. तरीही अनेकांना जठर आधीच काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो.

म्हणून कुटुंबात डिफ्यूज प्रकारचा जठराचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा एकाच घरात असा जठराचा कॅन्सर आणि लोब्युलर स्तनकॅन्सर दोन्ही असतील, तर जेनेटिक काउन्सेलरकडे जा. जाताना आजी-आजोबा, मावशी, आत्या, काका यांच्यापैकी कुणाला कुठला कॅन्सर कितव्या वर्षी झाला ते कागदावर लिहून न्या आणि मिळतील तेवढे जुने रिपोर्ट जोडा. "पोटाचा आजार होता" एवढंच ठाऊक असेल तर तेही लिहा. तपासणी आधी आजारी व्यक्तीची होते. तिच्यात दोष सापडला तरच बाकीच्यांच्या रक्ततपासणीला अर्थ असतो.